कोपराच्या जरा खाली

भिंतीवरची ती पाठ आबांची, माझ्या वडिलांची आहे हे मला कळलं तेव्हा मी त्याच पाठीविषयी बोलत होते, आणि चांगलं बोलत होते. धुळ्याच्या एका कॉलेजातला वर्ग, चैत्रातली दुपार, खिडक्यांना ओढलेले निळे पडदे, समोर पत्रकारिता शिकणारी मुलंमुली आणि भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेला आमच्या पेपरातला आजचाच फोटो. आमच्या गावच्या बारागाड्यांचा, म्हणजे देवाचा भगत एकट्याने बारा बैलगाड्या ओढतो त्या जत्रेचा. कमरेला दोर बांधलेला भगत तोंड उघडून थेट आपल्या अंगावर येतो आहे, भंडाऱ्याचा पिवळा ढग उठला आहे, आणि उजवीकडे एक पांढरी बंडी घातलेला माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे. "या पांढऱ्या आकृतीला चेहरा नाही," मी म्हणत होते, "पण फोटोचा तोल हिच्यावर आहे. भगत एवढ्या जोरात येतोय की उजवीकडे हा माणूस नसता तर चित्र लंगडं झालं असतं. तुमची नजर भगताच्या तोंडावरून निघते, दोरावरून मागे जाते आणि या पाठीवर येऊन थांबते." ममता नावाची एक मुलगी, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याची, तिने विचारलं, "मॅडम, सगळे पुढे बघताहेत, हा एकटाच मागे का बघतोय?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "घाबरलाय. मागून गाड्यांचं धूड येतंय." आणि हातातली पट्टी मी त्या घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवली, तर पट्टीच्या टोकाशी निळा दोरा दिसला. पांढऱ्या बंडीवर, खांद्याच्या शिवणीला, निळ्या दोऱ्याचे लांब तिरपे टाके. असे टाके घालणारी बाई मला एकच माहीत आहे. पांढरा दोरा संपला तर ती दुकानात जात नाही, जो हाताशी आहे तो ओवते, आणि वर म्हणते, पाठीकडं कोन पाहतं.

मी पाहिलं होतं. आदल्या संध्याकाळी जळगावच्या ऑफिसात हा फोटो माझ्याच हाताखालून गेला होता. आमच्या दैनिकात पहिल्या पानावर कोणता फोटो जाईल आणि किती जाईल हे मी ठरवते, आणि हे काम मला येतं. यात नम्रपणा दाखवायला मी काही लग्नाला उभी नाही. शीतलने, आमच्या असोद्याकडच्या फोटोग्राफरने, कुणाच्या तरी गच्चीवर चढून हा फोटो काढला होता. चांगला होता, पण आडवा, पसरट, खचाखच भरलेला. पानावर मला उभी जागा होती. मी उजवीकडचा निम्मा भाग कापला. गाड्याच कापल्या. डेस्कवरचा रुपचंद म्हणाला, "ताई, बारागाड्यांच्या फोटोत एकही गाडी नाही?" मी म्हटलं, "दोर बघ. दोर ताणलेला आहे, तो चौकटीच्या बाहेर जातो, आणि बाहेर काय आहे ते वाचणारा स्वतः ओढून आणतो. दाखवलेल्या गाडीपेक्षा न दाखवलेली जड असते." सकाळी संपादकांनी फोन करून शाबासकी दिली. कापताना पांढऱ्या माणसाचा उजवा हात मध्ये आला होता, तो गाड्यांच्या दिशेने लांब केलेला होता. सांध्यावर कापू नये, मनगटावर, गुडघ्यावर, कोपरावर कापलं तर माणूस अधू दिसतो, म्हणून मी कोपराच्या जरा खाली कापलं. नियमाप्रमाणे.

आता तोच हात भिंतीवर माझ्या उंचीचा झाला होता आणि कोपराच्या जरा खाली संपत होता. दोरही तिथूनच बाहेर जात होता, त्याच कडेने, जवळजवळ त्याच जागी. मुलं वहीत काहीतरी उतरवून घेत होती. मला एकच प्रश्न पडला होता: आबांचा पंजा दोरावर आहे की नाही? गेल्या वर्षी बारागाड्या ओढून झाल्यावर थोड्याच दिवसांत आबा जळगावच्या दवाखान्यात पडून होते. छातीत दुखायला लागलं ते शेतातून घरी येईपर्यंत बोलले नाहीत. डॉक्टरांनी नळी घालून रक्तवाहिनी मोकळी केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता गाड्या ओढायच्या नाहीत, एक जरी ओढली तरी माझ्याकडे आणू नका. आबांना मी त्या दिवशी घाबरलेलं पाहिलं. आयुष्यात एकदाच. त्यांचा हात धरून मी वदवून घेतलं, दोराला हात लावणार नाही म्हणा. ते म्हणाले. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही हे मला माहीत होतं. चैत्र लागला की त्यांच्या पायांत काहीतरी सुरू होतं, बसल्या जागी टाचा आपटतात. म्हणून यंदा बारागाड्यांच्या आधीच मी दोघांना, आबांना आणि आईला, सोनगीरला फुईकडे, म्हणजे आबांच्या बहिणीकडे पाठवून दिलं. हे व्याख्यान घेतलं तेही त्याच हिशेबाने, की धुळ्याहून सोनगीर जवळ, वर्ग संपला की तिकडून दोघांना घेऊन यायचं. काल संध्याकाळी फोटो कापायच्या जरा आधी मी आबांना फोन केला होता. "काय करताय?" "काही नाही, किल्ला पाह्यला." "चढला नाहीत ना?" "नाही व, खालूनच पाह्यला." मागून ढोल ऐकू येत होता. मी म्हटलं, सोनगीरलाही जत्रा आहे वाटतं. ते म्हणाले, हो, हाये ना. इतकं सरळ खोटं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, त्यामुळे मला ते खोटं वाटलंच नाही.

"मॅडम, पुढे?" बादल नावाचा मुलगा म्हणाला. पुढे बोलणं मला कधीच जड जात नाही, तोंड आपलं आपण चालतं. मी भगताच्या चेहऱ्याविषयी बोलत राहिले. भगत आता प्रेमराज आहे, माझा चुलतभाऊ. कपाळाची शीर फुगलेली, डोळे मिटलेले. चौकटीचे उभे तीन भाग करा, पहिल्या रेषेवर त्याचं नाक येतं. बोलत होते प्रेमराजविषयी आणि आठवत होते आबा. गेल्या वर्षापर्यंत त्या जागी ते असायचे. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधलेल्या, बैल सोडलेले, गाड्यांवर सगळं गाव चढलेलं, आणि ते सगळं एका माणसाच्या कमरेला. दोन्ही बाजूंनी त्याला धरून पळणारे दोन बगले. मी लहानपणी पहिल्या गाडीवर पुढे बसायचे, दांडा धरून, भगताची मुलगी म्हणून तो माझा मान होता. गाडी आधी हलायची नाही. मग चाकातून एक बारीक आवाज यायचा आणि माझ्या मांडीखालची फळी सरकायची. त्या सरकण्याइतकं मोठं मला पुढे काही वाटलं नाही, पहिल्या पानावरचा पहिला फोटोसुद्धा नाही. आबांचा चेहरा मला तिथून कधी दिसला नाही, दिसायची ती पाठ. म्हणजे ही पाठ मी जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त पाहिलेली. आणि काल मी तिला पांढरी आकृती म्हणून ठेवली, तोलासाठी. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि आई? आई नेमकी कुठे असायची, हे मी वर्गात उभी राहून आठवायला लागले. आमच्या घरची एक रीत आहे. गाड्या चालू असताना भगताच्या बायकोने घरात देवापुढे दिवा धरून बसायचं, गाड्या थांबल्याचा निरोप येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, गाड्यांकडे बघायचं नाही. दिवा विझला तर धन्याचा पाय घसरतो. लग्न होऊन आली त्या वर्षापासून आई अशी बसत आली. म्हणजे आमची आई, कमलबाई, भगताची बायको, तिने बारागाड्या कधीच पाहिल्या नव्हत्या. सगळा तालुका बघायला यायचा, ती घरात. मी धावत घरी येऊन सांगायचे, आई, आज वडाच्याही पुढे गेल्या! ती दिवा खाली ठेवायची, हाताला आलेली कळ झटकायची आणि म्हणायची, "हो का? लोक किती होते?" हे मला माहीत होतं, पण पाण्याचा माठ कुठे असतो ते माहीत असावं तसं. आमच्या बैठकीत आबांचा एक मोठा फोटो आहे, दोर कमरेला, छाती पुढे. पाहुणे त्याच्याखाली बसतात आणि आई त्यांना चहा देते. तिचा स्वतःचा धड एक फोटो नाही. वरचा एक दात पडल्यापासून कुणी मोबाइल उचलला की ती पदर तोंडावर घेते.

वर्गात माझा एक ठरलेला क्रम आहे. आधी छापलेला फोटो दाखवायचा, त्याची चिरफाड करायची, मुलांना पटवायचं की हा असाच असायला हवा. आणि मग मूळचा, न कापलेला दाखवायचा. मुलं हसतात. एवढं सगळं होतं यात? तेव्हा मी म्हणते, फोटो काढणारा घेतो आणि कापणारा देतो. हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि मला ते आवडतं. आज त्या बटणावर बोट ठेवलं आणि बोट पुढे जाईना. आबांचा पंजा दोरावर निघाला तर? या पोरांसमोर मला तो बघायचा नव्हता. मला राग आला होता, शीतलचा, प्रेमराजचा, माझ्याशी सरळ खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा, आणि त्याला सामील झालेल्या आईचा. रागाच्या खाली भीती होती, दवाखान्यातल्या फिनेलच्या वासाची. पण राग आला म्हणून मला कामातलं दिसायचं थांबत नाही. मी भिंतीवरच्या आबांकडे कापणाऱ्या बाईच्या नजरेने पुन्हा पाहिलं. दोर ओढणाऱ्या माणसाचे खांदे वर चढतात, मान आत जाते, टाचा मातीत रुततात. प्रेमराज बघा. बगले बघा. आबांचे खांदे खाली होते. मान लांब केलेली होती. पाय मोकळे, एक टाच चक्क उचललेली. हा माणूस काही ओढत नव्हता. आणि घाबरलेलाही नव्हता. घाबरलेला माणूस अंग चोरतो, आणि हा सगळाच्या सगळा मागे वळला होता, पिंपळाखाली कुणी हाक मारल्यावर वळतो तसा. मी मुलांना पहिला धडा हाच देते: फोटोतला माणूस कुठे बघतो ते शोधा आणि तिथपर्यंत जा. नियम बरोबरच होता. मीच कडेपर्यंत जाऊन थांबले होते. "ममता," मी म्हटलं, "मघाशी मी चुकीचं सांगितलं. तो घाबरलेला नाही. तो काय बघतोय ते आता बघू." आणि बटण दाबलं.

फोटो भिंतभर पसरला. मुलं नेहमीप्रमाणे हसली. आधी मी पंजा पाहिला. दोर खालून गेला होता, पंजा त्याच्या बराच वर, हवेत होता. बोटं पसरलेली, तळवा जमिनीकडे. बस, बस, खाली बस. दोराला हात नव्हता. मी श्वास सोडला तो माइकवर ऐकू गेला असावा. मग मी पंजाच्या रेषेने पुढे गेले, भंडाऱ्याच्या ढगातून, पहिल्या गाडीपर्यंत. गाडीवर गाव दाटलेलं होतं, सगळे बसलेले, आणि पुढे दांड्याशी, जिथे मी बसायचे तिथे, एक बाई उभी होती. चालत्या गाडीवर उभी. एक हात दांड्याला, दुसरा शेजारणीच्या डोक्यावर टेकलेला, पदर उडून मागे गेलेला, हात दोन्ही गुंतलेले म्हणून तोंड झाकायला काही उरलेलं नाही. आणि ते तोंड मोठं उघडं होतं. हसत होती. पडलेल्या दाताची खिडकी स्पष्ट दिसत होती. ती आबांकडे बघतच नव्हती, बस म्हणून हात खालीवर करणाऱ्या नवऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती वरून सगळं बघत होती, भगत, दोर, गर्दी, वड. आई. गेल्या वर्षापर्यंत भगताची बायको होती. यंदा दिवा प्रेमराजच्या बायकोच्या हातात. यंदा ती मोकळी होती. म्हणून सोनगीरहून पळाले होते दोघं. दोरासाठी नाही. तिला गाडीवर बसवायला.

मला रडू आलं आणि ते आलं तसं मी येऊ दिलं, प्रोजेक्टरच्या अंधाराचा तेवढा फायदा. बादल म्हणाला, "मॅडम, आम्ही कापून सांगू का?" हेही क्रमात होतं, मूळ फोटो मिळाला की मुलांनी आपापली कात्री चालवायची. मी मान हलवली. तो भिंतीशी आला आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. "उजवीकडची गर्दी काढायची. विशेषतः ही उभी बाई. ही नजर खेचते, भगतावरचं लक्ष जातं. एका फोटोत दोन विषय नकोत." दुसरी एक मुलगी म्हणाली, हो, बाई काढली तर दोर उठून दिसतो. तिसऱ्याने तर नेमकं कोपराच्या जरा खाली बोट ठेवलं आणि म्हणाला, इथे. एकेक जण येत होता आणि माझ्या आईला बाहेर काढत होता, सगळे बरोबर, सगळे माझ्याच नियमाने. शिकवलं होतं ते चांगलंच शिकवलं होतं. मला त्यांचा राग आला नाही, उलट त्या पोरांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी कुणीतरी माझ्या हातातून काहीतरी काढून घेत आहे असंही वाटलं. ममता एकटी जागची उठली नव्हती. मी विचारलं, तू कुठे कापशील? ती म्हणाली, "नाही कापणार. तो तिच्याकडे बघतोय ना." बादल म्हणाला, पण मग फोटो कशाचा आहे, बारागाड्यांचा की त्या दोघांचा? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले, भिंतीजवळ, तर उजेड माझ्यावर पडला आणि आई माझ्या कुर्त्यावर आली, खांद्यापाशी, हसत. मी हलले नाही. म्हटलं, "पेपरला बारागाड्यांचा हवा होता, म्हणून तुम्ही कापलाय तो बरोबर आहे. मीही तिथेच कापला. पण काय कापलं ते कापणाऱ्याला माहीत पाहिजे. मला काल माहीत नव्हतं. ही माझी आई आहे." बादलने भिंतीवरचे हात खाली घेतले आणि उगीच पँटीला पुसले.

बाहेर व्हरांड्यात येऊन मी आबांना फोन लावला, उचलला नाही. फुईला लावला. फुई, रुख्माबाई, म्हणाली, "त्या त काल सकायमाच निंघी ग्यात व माय. तुनी माय म्हने, आते नही जावं त कवय जासू? तुले सांगं नही का?" मी म्हटलं, काल सकाळीच निघाले हे नाही सांगितलं, आणि आई 'आता नाही तर कधी जाणार' म्हणाली हेही नाही. "मंग भांडू नको हां त्यास्ना संगे," फुई म्हणाली, आणि हसायला लागली. तिला सगळं माहीत होतं. तेवढ्यात आबांचाच फोन आला. उचलल्या उचलल्या म्हणाले, "दोराले हात लावला नाही मी. देवाशप्पथ. प्रेमराजले विचार." मी म्हटलं, "माहीत आहे. फोटोत दिसतंय." ते म्हणाले, "आज पेपर आला तवापासून तुही माय घेऊन बसली हाये. घे, बोल." कॉलेजच्या आवारातल्या कडुनिंबाखाली मुलं पांगत होती, आणि मी माझ्या पेपरातला माझा फोटो आता माझ्या आईकडून तपासून घेणार होते.

"दिपा," आई म्हणाली, "हे तुह्ये आबा. पाठीहून वळखले मी, टाके माह्येच हायेत. पन मी कुठी हाये त्याच्यात? आबा म्हने, दिपानं टाकला आसंन तुले, नीट पाह्य. भिंग लावून पाह्यलं."

खोटं बोलायला जागा होती. शीतलने तेवढाच काढला, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "होतीस तू, आई. मी कापलं. मला दिसलीच नाहीस."

"कायले कापलं?"

"फोटो चांगला दिसावा म्हणून."

पलीकडे कागदाचा आवाज आला. ती पेपर पुन्हा उघडून बघत असावी. मला वाटलं आता ती रागावेल, किंवा नेहमीसारखं म्हणेल, बरं झालं, माह्या दात दिसला असता. ती म्हणाली, "हो, चांगला दिसते. प्रेमराज मोठा दिसते." आणि मग, "आखा हाये का तुह्यापाशी? मी धरून?"

"आहे ना, अख्खा. मोठा आहे. मुलांना दाखवला आता."

"मी हसते हाये का त्याच्यात?"

"खूप हसतेस. दात दिसतोय."

"दिसू दे," आई म्हणाली. "तो आन. मोठा काढून आन, काचेचा. बैठकीत एकच खिळा हाये, तुह्ये आबा मी आताच उतरून ठेवते."

आबा मागून काहीतरी पुटपुटले. "तू त्याच्यातही हायेस," ती त्यांना म्हणत होती, "पाठमोरा." मग स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि मी ओरडले, आई, पडशील, खाली उतर, खाली बस, पण फोन तिने तोवर कुठेतरी ठेवून दिला होता.